सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या संस्थेत कोल्हापूरची माणसं कामाला लावा: उद्योग संघटना आणि महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
पदाधिकारी, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक, गोशिमा आणि मॅक या उद्योग संघटना,
तसेच कोल्हापूर परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतनांचे प्राचार्य यांना,

स. न. वि. वि.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींतल्या कारखान्यांमधून बारा ते पंधरा अभियंते निवडा. त्यांना सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या ‘इन्कोसी’ या व्यावसायिक संस्थेचे सभासद करा आणि महिन्यातले चार तास कामाच्या वेळेतून त्यासाठी मोकळे ठेवा. त्यांचा एक अभ्यासगट शहरात उभा राहील एवढी सोय करा. आमची विनंती इतकीच आहे. हे का करायचं, कसं करायचं आणि कुठे फसतं, ते पुढे लिहितो.

आपल्याकडे ड्रॉइंग येतं आणि आपण त्याप्रमाणे भाग बनवून देतो. कास्टिंग (ओतकाम) असो, मशिनिंग असो, या कामात कोल्हापूरचा हात धरणारे थोडे आहेत. पण ग्राहक आता सुटा भाग मागत नाही; जोडणी करून, चाचणी घेऊन तयार असलेला संच मागतो. संच द्यायचा म्हटलं की ड्रॉइंगमध्ये नसलेले प्रश्न आपल्या गळ्यात येतात. हा भाग कोणत्या परिस्थितीत चालला पाहिजे, शेजारच्या भागाशी त्याचं नातं काय, आणि तो चालतो हे सिद्ध कसं करायचं? या प्रश्नांची शिस्त म्हणजे सिस्टिम्स इंजिनिअरिंग. विमान आणि उपग्रह बनवणाऱ्यांनी ती आधी उचलली म्हणून ती फक्त त्यांचीच आहे असा समज झाला, आणि तो समज आपल्याला महागात पडतो.

एक उदाहरण फाउंड्री आणि मशीनशॉप या दोघांच्याही रोजच्या ओळखीचं आहे. कास्टिंग लेआउट तपासणीत ओके, मशीनशॉपला गेल्यावर फेस, म्हणजे मशिनिंगचा पृष्ठभाग, क्लीन होत नाही, काळं राहतं. फाउंड्री स्वतःचा रिपोर्ट दाखवते, मशीनशॉप फिक्स्चरचा (भाग धरून ठेवणाऱ्या पकडीचा) रिपोर्ट दाखवतं आणि दोन्ही रिपोर्ट खरे असतात. फाउंड्रीच्या निरीक्षकाने सरफेस प्लेटवर कास्टिंग सगळ्या बाजूंनी ‘बॅलन्स’ करून मापं घेतलेली असतात. मशीनशॉपचं फिक्स्चर मात्र तेच कास्टिंग सहा ठरलेल्या बिंदूंवर धरतं: तळाला तीन, बाजूला दोन, टोकाला एक. आता बाजूच्या त्या दोन बिंदूंचे पॅड (टेकण्याच्या जागा) एकमेकांपासून १०० मिमीवर आहेत, त्यातला एक कोपमध्ये (साच्याच्या वरच्या अर्ध्यात) पडला आणि दुसरा ड्रॅगमध्ये (खालच्या अर्ध्यात), आणि त्या साच्यात ०.८ मिमी शिफ्ट आहे, म्हणजे दोन अर्धे एकमेकांवर तेवढे सरकून बसलेत, असं धरा. कास्टिंग तेवढ्या कोनात फिरून बसतं आणि २५० मिमी लांबच्या फेसवर त्याची २ मिमी चूक होते. मशिनिंग अलाउन्स (कापून काढायला ठेवलेली जादा जाडी) ३ मिमी असेल तर उरला १ मिमी, आणि कास्टिंगच्या टॉलरन्समध्ये तोही जातो. पॅडच्या जागीच रायझर किंवा इनगेट (साच्यात धातू पुरवणारे, नंतर तोडून टाकायचे भाग) असेल तर गोष्ट आणखी बिघडते, कारण मग पॅडची उंची फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करण्याच्या) ग्राइंडरवर बसलेल्या माणसाचा हात ठरवतो.

इथे कुणाचंच काम चुकलेलं नाही. दोन कामांच्या मधली जागा कुणी लिहून ठेवलेली नाही, एवढंच. सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये याला इंटरफेस म्हणतात, आणि प्रत्येक इंटरफेसला एक मालक आणि एक कागद असतो. वरच्या प्रकरणात तो कागद एका पानाचा आहे. सहा बिंदूंची जागा, सगळे बाजूचे बिंदू पार्टिंग लाइनच्या (साच्याचे दोन अर्धे जुळतात त्या रेषेच्या) एकाच अंगाला, त्या पॅडवर रायझर-इनगेट नाही, फेटलिंगनंतर पॅडवर किती उंचवटा चालेल, आणि पहिले पाच नग दोन्हीकडे त्याच सहा बिंदूंवर मोजायचे. शेवटी बदलाचा नियम: पॅटर्न (ज्यावरून साचा पाडतात तो नमुना) बदलला तर मशीनशॉपला आणि फिक्स्चर बदललं तर फाउंड्रीला आधी लेखी कळवायचं. हा शेवटचा नियम नसेल तर बाकीचं पान सहा महिन्यांत निकामी होतं, कारण पॅटर्न दुरुस्तीला गेला की पॅड सरकतो आणि त्याची नोंद फक्त पॅटर्नमेकरच्या डोक्यात राहते.

आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) आणि पीपॅप (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची पद्धत) करणाऱ्या कारखान्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. २०१९ मध्ये आलेल्या एआयएजी-व्हीडीएच्या (अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या) एफएमईए, म्हणजे संभाव्य बिघाड आधीच शोधण्याच्या, पद्धतीत सात पायऱ्या आहेत. त्यातली दुसरी रचनेचं विश्लेषण आणि तिसरी कार्याचं विश्लेषण. दोन्ही निव्वळ सिस्टिम्स इंजिनिअरिंग आहेत. प्रत्यक्षात मात्र या दोन पायऱ्या जुन्या फाइलमधून कॉपी होतात आणि सगळी चर्चा चौथ्या-पाचव्या पायरीवरच्या आकड्यांवर होते. ऑडिट पार पडतं, रिजेक्शन तसंच राहतं.

आता संस्थेविषयी. या क्षेत्रातली मुख्य व्यावसायिक संस्था म्हणजे इंटरनॅशनल कौन्सिल ऑन सिस्टिम्स इंजिनिअरिंग, म्हणजेच इन्कोसी. १९९० मध्ये ती अमेरिकेपुरती राष्ट्रीय संस्था म्हणून सुरू झाली आणि १९९५ मध्ये नाव बदलून आंतरराष्ट्रीय झाली. भारतातही तिची शाखा आहे. तिची हँडबुक या विषयाची सर्वमान्य पोथी आहे. २०२३ मध्ये तिची पाचवी आवृत्ती आली. ती ज्या मानकावर उभी आहे त्या आयएसओ/आयईसी/आयईईई १५२८८ ची नवी आवृत्तीही २०२३ चीच. आयईईई या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेची सिस्टिम्स कौन्सिलही याच क्षेत्रात काम करते. ज्या महाविद्यालयात आयईईईची विद्यार्थी शाखा आधीपासून आहे तिथे तो दरवाजा जवळचा पडेल.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट फुकट करता येते. सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या ज्ञानाचा संग्रह, ज्याला सगळे सेबॉक म्हणतात, २०१२ पासून इंटरनेटवर सर्वांना खुला आहे. निवडलेल्या प्रत्येकाला त्यातले रिक्वायरमेंट (आवश्यकता), इंटरफेस आणि व्हेरिफिकेशन (पडताळणी) यांवरचे लेख वाचायला द्या, आणि स्वतःच्या खात्यातलं एक उदाहरण एका पानावर लिहून आणायला सांगा. जो पान आणेल त्याची वर्गणी भरा. पद, सेवाज्येष्ठता, इंग्रजीचा सफाईदारपणा यापेक्षा ही चाळणी चांगली आहे.

निवड करताना आम्ही एका गोष्टीचा आग्रह धरू: सगळी माणसं डिझाइन विभागातली घेऊ नका. पंधरांपैकी निदान दोघं पॅटर्न आणि मेथडिंगचे (धातू साच्यात कसा ओतायचा ते ठरवणारे), दोघं मशीनशॉपचे, दोघं क्वालिटीचे, एक मेंटेनन्सचा आणि एक खरेदी विभागातला असावा. खरेदीवाला वगळला जातो, आणि पुरवठादाराशी होणारा बहुतेक लेखी करार त्याच्याच हातून जातो. डिप्लोमाधारकांनाही घ्या, शॉपफ्लोअरवरचे इंटरफेस त्यांना पदवीधरांपेक्षा जास्त ठाऊक असतात.

सभासदत्व घेतल्यावर पहिल्या महिन्यात हँडबुकची सभासदांसाठीची प्रत उतरवून घ्यायची, भारतीय शाखेशी नाव जोडायचं आणि संस्थेचा एक वर्किंग ग्रुप (एका विषयावर काम करणारा गट) निवडायचा. एकच. उत्साहाच्या भरात चार-पाच ग्रुपांत नाव घालणारे दोन महिन्यांत सगळीकडून गळतात. कोल्हापूरसाठी दोन ग्रुप सर्वांत उपयोगाचे आहेत असं आमचं ठाम मत आहे. पहिला रिक्वायरमेंट्स वर्किंग ग्रुप: आवश्यकता कशी लिहावी याची त्यांची मार्गदर्शिका इतकी व्यवहारी आहे की ती खरेदी विभागाच्या टेबलावर असायला हवी. दुसरा व्हीएसई, म्हणजे अतिशय लहान उद्योगांसाठीचा ग्रुप. पंचवीस माणसांपर्यंतचा कारखाना, विभाग किंवा प्रकल्प डोळ्यांपुढे ठेवून आयएसओ/आयईसी २९११० ही मानकमालिका तयार झाली आहे, आणि तिच्यातल्या सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या भागावर या ग्रुपने काम केलं आहे. तिच्या बेसिक प्रोफाइलमध्ये दोनच प्रक्रिया आहेत: प्रकल्प व्यवस्थापन, आणि सिस्टिमची व्याख्या व उभारणी. शिवाजी उद्यमनगरातल्या वीस माणसांच्या वर्कशॉपला १५२८८ पेलणार नाही, २९११० पेलेल.

वर्किंग ग्रुपच्या बैठका ऑनलाइन होतात आणि वेळ बऱ्याचदा अमेरिकेच्या सोयीची असते. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलतात आणि त्या आठवड्यांत हमखास बैठक चुकते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची पाळी असलेल्या माणसाला हे झेपत नाही, म्हणून एका ग्रुपमध्ये दोघांनी मिळून जावं आणि आलटून पालटून हजर राहावं. पहिल्या दोन बैठका ऐकायच्या, ग्रुपचा चार्टर (उद्देश आणि कामाचा कागद) वाचायचा. तिसऱ्या बैठकीत एखाद्या मसुद्याचं पाच-सहा पानांचं परीक्षण मागून घ्यायचं.

परीक्षणाचं काम तक्त्यात होतं: कलम क्रमांक, आत्ताचा मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण, आणि शेरा तांत्रिक आहे की भाषेचा. ‘हे अधिक स्पष्ट करावे’ असा शेरा कुणाच्या उपयोगाचा नसतो. तो बाजूला पडतो आणि आपली माणसं नाउमेद होतात. बदललेलं पूर्ण वाक्य आणि दोन ओळींचं कारण दिलं की त्यावर चर्चा होतेच. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, कारण तक्त्यात अलंकाराला जागा नसते. बोलताना अडखळणारा माणूसही इथे पहिल्या सहा महिन्यांत स्वतःची जागा करू शकतो. लहान फाउंड्रीतला माणूस लिहील की ‘हा टप्पा पॅटर्न आधीच तयार असताना उलट क्रमाने घडतो’, तर ते त्या ग्रुपला दुसरीकडून सहज मिळणार नाही.

इन्कोसीच्या प्रमाणपत्रांचा विषय आम्ही मुद्दाम उशिरा काढतो आहोत. एएसईपी ही पहिली पातळी परीक्षेवर मिळते, अनुभवाची अट नाही. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ती शक्य आहे. सीएसईपीला परीक्षेबरोबर सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो, तांत्रिक पदवी नसेल तर जास्त, आणि तो अनुभव ओळखणारे संदर्भदाते लागतात. दर तीन वर्षांनी तिचं नूतनीकरण असतं आणि संस्थेत केलेलं काम त्यात धरलं जातं. अर्जात एक चूक सर्रास होते: ‘क्वालिटी मॅनेजर, आठ वर्षे’ असं पद लिहिलं जातं. पदावरून अनुभव ठरत नाही. कोणत्या सिस्टिममध्ये, कोणती आवश्यकता तुम्ही ठरवली, कोणता इंटरफेस सोडवला, चाचणीचा आराखडा कुणी मंजूर केला, हे लागतं. आठ वर्षांनी ते आठवत नाही आणि तेव्हाचा साहेब नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून आजपासूनच दर तिमाहीला एक पान नोंद ठेवायची सवय लावा: तारीख, प्रकल्प, काम, आणि ते पाहिलेला माणूस.

कारखान्यांनी पहिल्याच वर्षी अमुक इतकी प्रमाणपत्रं हवीत असं लक्ष्य ठेवू नये. तसं झालं की अभ्यासगटाचा परीक्षेचा क्लास होतो, हँडबुकमधल्या व्याख्या पाठ होतात आणि फिक्स्चरचा तो एक पानाचा कागद कुणी लिहीत नाही.

स्थानिक गटाचं सांगायचं तर, महिन्यातून एक बैठक, दोन तास, ठरलेला वार. त्याला उद्घाटन, सत्कार, शाल-श्रीफळ काही नको. पाहुण्याचं व्याख्यान वर्षातून एखादं पुरे. बाकी प्रत्येक बैठकीत टेबलावर एक खरी वस्तू आणि एक खरा कागद असावा. पहिली अडचण गोपनीयतेची येईल. ग्राहकाचं ड्रॉइंग बाहेर दाखवणं हा कराराचा भंग आहे आणि भाग क्रमांक खोडून तो टळत नाही. लेखी परवानगी मिळेपर्यंत ग्राहकाच्या वस्तूला हात लावू नये. त्याऐवजी पहिले सहा महिने एक सार्वजनिक वस्तू घ्या. आम्ही सुचवतो: पंचगंगेच्या काठावरचा ५ अश्वशक्तीचा उपसा पंपसंच. पंप एकाचा, मोटर दुसऱ्याची, स्टार्टर तिसऱ्याचा, केबल आणि पाइप शेतकऱ्याने स्वतः आणलेले. सगळे इंटरफेस अनाथ.

‘पंप दमदार असावा, पाणी भरपूर द्यावं’ यातून चाचणी निघत नाही. हेच असं लिहा: केबलच्या पुरवठ्याकडील टोकाला ३५० ते ४४० व्होल्ट असताना, नदीची पातळी पंपाच्या मध्यरेषेखाली १ ते ६ मीटर असताना, संचाने एकूण २५ मीटर हेडवर (घर्षण धरून पाणी चढवायची उंची) सेकंदाला किमान ८ लिटर पाणी द्यावं. आता प्रत्येक आकडा कुणाला तरी बांधतो. ८ लिटर आणि २५ मीटर म्हणजे पाण्याला मिळणारी शक्ती सुमारे १.९६ किलोवॅट, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर शाफ्टवर ३.३ किलोवॅट लागतात, मोटर ३.७ ची आहे, म्हणजे जमतं.

सक्शन मात्र जमत नाही. कोल्हापूरच्या उंचीवर वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे ९.६ मीटर स्तंभाएवढा असतो. त्यातून बाष्पदाबाचे ०.४, उचलण्याचे ६ आणि ८० मिमी सक्शन पाइप, बेंड व फूटव्हॉल्व्हमधल्या घर्षणाचा साधारण १ मीटर वजा केला की उरतात २.२ मीटर. पंपाला ३ मीटर एनपीएसएच (सक्शनच्या तोंडाशी लागणारा किमान दाब) लागत असेल तर उन्हाळ्यात नदी उतरल्यावर कॅव्हिटेशन होणार, म्हणजे पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणार, इम्पेलर खाल्ला जाणार, आणि शेतकरी पंपवाल्याला बोल लावणार. कारखान्याच्या टेस्ट बेंचवर टाकीतलं पाणी मीटर-दीड मीटरच खाली असतं, तिथे हा पंप दरवेळी पास होतो. व्हेरिफिकेशन (ठरवल्याप्रमाणे बनलं का) आणि व्हॅलिडेशन (प्रत्यक्ष जागी कामाला येतं का) यांतला फरक समजावायला याहून सोपं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

केबलही तशीच. ३०० मीटर लांब, ४ चौरस मिमी अॅल्युमिनिअम केबल आणि पूर्ण भाराला साडेसात अॅम्पिअर. व्होल्टेजची घट २५ व्होल्टच्या आसपास येते. सुरू होताना प्रवाह पाच-सहा पट असतो, त्यामुळे घट खूपच वाढते, आणि इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो: व्होल्टेज ८० टक्के झालं की टॉर्क ६४ टक्के. ही केबल कुणाच्याच पुरवठा-यादीत नाही, पण मोटर जळते ती बऱ्याचदा तिच्यामुळे.

आणि एक आवश्यकता जी कुठल्याच ड्रॉइंगवर नसते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ फुटांची बातमी आल्यावर दोन माणसांनी, चेनपुलीशिवाय, एका तासात संच काठावरून हलवता यावा. ही ओळ लिहिली की वजन, फ्लँजचे बोल्ट, केबलचा जोड आणि पायाचे नट, सगळ्यांचं डिझाइन बदलतं. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहराला ही ओळ सुचायला हवी.

प्रत्येक ओळीसमोर सिद्ध करण्याची रीत लिहायची. व्होल्टेजसाठी व्हेरिअॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चाचणी, सक्शनसाठी व्हॉल्व्ह आवळून व्हॅक्यूम गेजवर चाचणी, केबलसाठी गणित, संच हलवण्यासाठी घड्याळ लावून प्रात्यक्षिक, नेमप्लेटसाठी नुसती तपासणी. पंधरा ते वीस आवश्यकतांचा असा तक्ता गटाने सहा महिन्यांत पूर्ण केला तर सातव्या महिन्यात कारखान्यातलं खरं काम हाताळायला माणसं तयार असतील. शंभर आवश्यकता लिहायला घेऊ नका. तक्ता फुगतो आणि कुणी वाचत नाही.

प्राचार्य महोदयांना वेगळं सांगायचं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला गुण देताना चालणाऱ्या मॉडेलइतकंच महत्त्व आवश्यकता आणि चाचणीच्या तक्त्याला द्या. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांचा एकत्र गट करायला परवानगी द्या. आज शाखांच्या भिंतीमुळे तो होत नाही, आणि सिस्टिम तर तिथेच घडते. इन्कोसीत विद्यार्थ्यांसाठी वेगळं सभासदत्व आहे. एका प्राध्यापकाच्या गळ्यात ही जबाबदारी घालून त्याचा तास कमी केला नाही तर दुसऱ्या वर्षी काम थांबेल, म्हणून तास कमी करा.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनो, फाउंड्रीच्या बाबतीत हे आपण आधीच केलेलं आहे. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचा कोल्हापूर चॅप्टर आहे, त्यात कारखानदार एकमेकांचे स्पर्धक असूनही वाळू आणि धातूच्या अडचणींवर एकत्र बसतात. तोच मोकळेपणा इंटरफेसच्या कागदांना हवा आहे. त्यासाठी तुमच्याकडून पंधरा खुर्च्या, प्रोजेक्टर आणि मोजमापाची साधनं असलेली एक खोली, महिन्यातल्या एका संध्याकाळी, वर्षभर लागेल. सभासद कारखान्यांना एक परिपत्रक लागेल, की निवडलेल्या माणसाचे महिन्यातले चार तास हजेरीत धरावेत. ते रजेत घातले तर तिसऱ्या महिन्यात माणूस येणार नाही. आणि पहिल्या वर्षाची वर्गणी संघटनेने भरावी, दुसऱ्या वर्षी अर्धी कारखान्याने, पण फक्त त्यांचीच ज्यांनी वर्किंग ग्रुपमध्ये एक तरी परीक्षण पूर्ण केलं आहे.

तुमच्या पुढच्या कार्यकारिणी बैठकीत हा विषय घ्यावा. पंपसंचाच्या तक्त्याचा कच्चा मसुदा आणि फाउंड्री-मशीनशॉप इंटरफेसचा एक पानाचा नमुना आम्ही तयार ठेवतो. बैठकीची तारीख कळताच दोन्ही पाठवू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
फाउंड्री, मशीनशॉप आणि डिझाइन विभागांत काम करणारे काही अभियंते,
कोल्हापूर